ताईचा लिंबूटिंबू

मी चष्म्याच्या काचा घासतो. गुबगुबीत खुर्चीत बसवून गिऱ्हाइकाला "ही फ्रेम तुम्हाला खुलून दिसते" म्हणणारा तो मी नव्हे. तो समोर बसतो. मी मागच्या खोलीत, जिथे दिवसभर यंत्राची घरघर चालते आणि ओल्या काचेचं पीठ नखांत जाऊन बसतं. काच यंत्रावर चढवायच्या आधी तिच्यावर शाईची तीन टिंबं काढावी लागतात. मधलं टिंब बरोबर बुबुळासमोर आलं पाहिजे. ते केसभर सरकलं तरी माणसाचं डोकं दुखतं, आणि शिव्या मात्र समोरच्याला खाव्या लागतात. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे मला टिंबं जास्त कळतात आणि माणसं कमी, असं माझी बायको म्हणते. या गोष्टीत तिचंच खरं ठरलं, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर कबूल करायला मला जड जातं.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे चौसष्टची. तिने लग्न केलं नाही. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात आयुष्यभर उभं राहून कागदांच्या घड्या घातल्या. आजही तिच्या हाताशी एखादा कागद आला, की बोलता बोलता त्याची चार, आठ, सोळा पानं होतात. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही, असा तिचा खाक्या. राहते एकटी, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. जिन्याला बावन्न पायऱ्या. मला ढेरी सुटली, साखरेची गोळी सुरू झाली, डोक्यावर मोजून घ्यावेत एवढे केस राहिले, तरी तिच्या तोंडी मी 'बारक्या'च.

यंदा तिचा डावा खुबा बदलावा लागला. लहानपणी ती मला ज्या कडेवर घेऊन हिंडायची, तीच बाजू. मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, की याचा त्याच्याशी काही संबंध असेल का. ते हसले आणि म्हणाले, तसं काही नसतं, हाडं झिजतात. मला ते फारसं पटलं नाही, पण डॉक्टरांशी वाद कोण घालणार!

ऑपरेशननंतर तिला मी माझ्या घरी आणलं. आमचं घर तळमजल्यावर आहे. डॉक्टर म्हणाले होते, रोज व्यायाम केला तर सहा आठवड्यांत त्या जिना चढतील, केला नाही तर पाय आखडेल आणि मग कठीण. मी मनाशी ठरवून टाकलं, की आता कसला जिना आणि कसल्या दोन खोल्या. तिच्या घरमालकांना फोन केला आणि सांगितलं, ताई आता परत यायची नाही, महिनाअखेरीला खोल्या मोकळ्या करून देतो. ताईला यातलं काही बोललो नाही. दुखण्यातून उठतेय, तिला कशाला या कटकटीत घालायचं, असा माझा विचार. खोल्यांची किल्ली माझ्याच शर्टाच्या खिशात होती. आपण फार मोठी जबाबदारी पार पाडली, असं वाटून त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

व्यायामाचा वर्ग हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी, गळ्यात शिट्टी. पंचविशीची असेल, पण सगळ्या म्हाताऱ्यांना धाकात ठेवून होती. शेवटची पंधरा मिनिटं खेळ असायचा. मोठा मऊ चेंडू एकमेकांकडे टाकायचा. ज्याच्या हातून सुटला तो बाद, आणि बाद झाला त्याने उठून वॉकर धरून गोलाभोवती एक फेरी मारायची. म्हणजे खेळ कसला, चालायला लावायची युक्तीच होती. पण माणसं हसत उठायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त मास्तर तर मुद्दाम चेंडू सोडायचे, असा माझा संशय होता.

ताई तिथे दुसऱ्यांदा गेली त्या मंगळवारची गोष्ट. चेंडू तिच्याकडे आला आणि मांडीवरून घरंगळला. मास्तर ओरडले, "बाद, बाद!" ताई वॉकरला हात घालणार तेवढ्यात ती मुलगी दोन्ही हात हलवत म्हणाली, "नाही हं, काकू आपल्या लिंबूटिंबू! त्यांचं मोजायचं नाही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि मला एकदम आमचं जुनं आवार आठवलं, धूळ, पकडापकडी, आरडाओरडा. कुणीतरी चेंडू उचलून ताईच्या मांडीवर अलगद ठेवला, तान्ह्या बाळाला ठेवावं तसा. ताईने तो मांडीवरून खाली ढकलला.

"बारक्या, घरी चल."

"अगं, अजून दहा मिनिटं आहेत."

"घरी चल म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवसापासून तिने हॉलमध्ये जायचं नाव टाकलं. घरीही व्यायाम बंद. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर पाय उचलण्याची बारा चित्रं होती. त्या कागदाच्या तिने इतक्या घड्या घातल्या, की त्याचा काडेपेटीएवढा ठोकळा झाला. विचारलं की म्हणायची, "दुखतंय." एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पाय सुजल्यासारखा दिसू लागला. ती चालायचीच थांबली तर?

मला वाटलं, सगळं त्या शब्दामुळे झालंय. पण एवढ्या गोड शब्दाचा राग कशासाठी? लहान पोराला आपण लिंबूटिंबू म्हणतो, ते प्रेमानेच ना? खेळू द्यायचं, पळू द्यायचं, पण बाद धरायचं नाही. माझं डोकं एकदा एखाद्या गोष्टीवर अडकलं की अडकलं. शब्दाचं मूळ सापडलं, तर ताईची समजूत घालता येईल, असं मी घेऊन बसलो.

माझा स्वतःचा अंदाज तयारच होता. लिंबू म्हणजे छोटं फळ, आणि टिंबू म्हणजे टिंब, त्याहून छोटं. लिंबाएवढा, टिंबाएवढा. बायकोला सांगितलं तर ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे टिंबंच दिसणार. अहो, पोरंटोरं म्हणतो आपण. त्यातलं 'टोरं' म्हणजे काय, सांगा बरं? जिभेला बरं वाटतं म्हणून मागे जोडायचं. तसंच हे."

मग हॉलवर जाऊन मी मास्तरांना गाठलं. ते खुलले. म्हणाले, हिरवं कच्चं लिंबू झाडावर असतं, पण रसाच्या कामाचं नसतं, तसं हे पोर, खेळात असतं पण हिशेबात नसतं. मग स्वतःच म्हणाले, "हा आपला माझा तर्क हं. कोशात बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. कोशात अर्थ मिळाला होता, उगम मिळाला नव्हता. "शब्द कुठून येतात ते बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसतं," ते म्हणाले, "पण आणले कुणी, कशासाठी, ते कधीकधी घरातच विचारलं तर कळतं." मी त्यांचे आभार मानले आणि शेवटचं वाक्य विसरून गेलो.

रविवारी सकाळी ताई खिडकीशी उंच खुर्चीत बसली होती. मांडीवर कालचा पेपर, त्याची पानं पाडणं चाललेलं. मी समोर स्टूल ओढलं.

"तुला त्या पोरीचा राग आलाय का?"

"तिचा कशाला येईल? चांगली आहे ती."

"मग लिंबूटिंबू म्हणाली म्हणून? अगं, त्यात वाईट काय आहे?" आणि मी तिला टिंब, टोरं, हिरवं लिंबू, सगळं ऐकवलं. ती घडीवर अंगठा दाबत ऐकत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"तू होतास ना लिंबूटिंबू?"

"होतो म्हणजे काय! चार वर्षांचा होईपर्यंत. मजा होती माझी. एकदाही बाद झालो नाही."

"होतास. पण कुणाचा होतास?"

मला प्रश्न कळला नाही. कुणाचा म्हणजे?

"आई दुपारपाळीला जायची," ताई म्हणाली. "दोन वाजता तुला माझ्या कडेवर द्यायची आणि जायची. मी नऊ वर्षांची. बाकीच्या पोरी शाळेतून येऊन खेळायला पळायच्या. मी गेले की म्हणायच्या, कडेवर पोर घेऊन कोण खेळतं? तुला भिंतीशी बसवलं तर तू असा गळा काढायचास, की वरच्या मजल्यावरून माणसं डोकवायची. आठ दिवस मी नुसती भिंतीला टेकून बघत उभी. मग मामीकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या पोरींच्या तोंडी हा शब्द ऐकला. कुठून आला ते मला नाही माहीत. पण आपल्या आवारात तो मी आणला."

"तू?"

"मी. येऊन सांगितलं, हा लिंबूटिंबू. ह्याला हात लागला तर मोजायचं नाही. मला लागला तर मी बाद. चालेल? त्या म्हणाल्या, चालेल. मग मी तुला घेऊन पळायचे. एका हाताने तुला धरलेलं, दुसऱ्या हाताने परकर. कुणालाही सापडणार अशी. रोज पहिली मीच बाद, रोज माझ्यावर राज्य."

तिला कडेवर पोर घेऊन पळताना मी कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. मला आठवायचं ते वरून दिसणारं आवार, गदगदा हलणारं, आणि माझं हसणं. ते कुणाच्या कमरेवरून दिसत होतं, हे छप्पन्न वर्षांच्या माणसाला कधी सुचलं नव्हतं.

"कंटाळली नाहीस?"

"कंटाळायचं काय त्यात? बाद झाले की दहाजणी माझं नाव घेऊन ओरडायच्या. मग मी त्यांच्या मागे पळायचे. खेळत होते ना मी! तो शब्द तुझ्यासाठी नव्हता रे. मला खेळता यावं म्हणून होता. तुझं तर नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. ताईचा लिंबूटिंबू, बस." तिने घडी पुन्हा उलगडली. "आणि आता मला म्हणतात, ह्यांचं मोजायचं नाही."

"अगं, ती मुलगी सहज म्हणाली."

"ती सहजच म्हणाली. त्याच दिवशी सकाळी मालकांचा फोन आला होता मला. विचारत होते, किल्ली कधी देताय."

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. तिने तो पाहिला.

आता खरं तर खाली मान घालायची. पण चूक सापडली की मी आधी भडकतो, हा माझा जुना रोग. "मग काय करायचं होतं मी?" मी ओरडलो. "तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणार, पाय घसरला म्हणजे? पडलीस म्हणजे?"

"पडेन," ताई शांतपणे म्हणाली. "पडेन तर माझी मी पडेन."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी!"

"माहीत आहे मला. लिंबूटिंबूचं भलंच बघतात सगळे."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. हात पदराला पुसत एवढंच म्हणाली, "आधी ती किल्ली त्यांच्या हातात द्या."

मी दिली. ताईने ती मुठीत धरली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी चष्मा पुसायच्या निमित्ताने उठलो. दुसऱ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून जन्म घालवला आणि घरातलं माणूस मला दिसलं नाही, याची लाज वाटली. अजूनही वाटते.

मालकांना फोन केला तर ते उखडले. त्यांनी खोल्या दुसऱ्या कुटुंबाला कबूल केल्या होत्या. बराच वेळ विनवण्या केल्यावर म्हणाले, "तुमच्याशी मी आता बोलणार नाही. खोल्या त्यांच्या आहेत. महिनाअखेरीच्या आत त्या स्वतः जिना चढून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, तर मी त्यांचं ऐकेन." ते राहतात ताईच्याच मजल्यावर, समोर. मी जसंच्या तसं ताईला सांगितलं. काही लपवलं नाही, काही गुळगुळीत केलं नाही. ती म्हणाली, "किती दिवस आहेत?" मी म्हटलं, "सोळा." तिने व्यायामाच्या कागदाचा तो ठोकळा उशीखालून काढला आणि एकेक घडी उलगडायला लागली.

सोमवारी तिच्या आधी मी हॉलवर गेलो, त्या मुलीला चार शब्द सुनावायला. म्हटलं, "माझ्या बहिणीला खेळातून वगळू नका. तिला फेरी मारू द्या. तिच्या तब्येतीला चालणार असेल तर."

"काका, कधीचंच चालतंय!" ती म्हणाली. "मी तर पहिल्याच दिवशी उठवणार होते त्यांना." तिने कपाटातून एक फॉर्म काढून माझ्यासमोर धरला. खाली 'नातेवाइकांच्या सूचना' अशी जागा होती आणि तिथे माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'वय झालेलं आहे. जपावं. श्रम देऊ नयेत. खेळात घेऊ नये.' खाली माझी सही. "तुम्ही असं लिहिल्यावर मी काय करणार? त्या बसून असतात, वाईट दिसतं, म्हणून लिंबूटिंबू म्हटलं. निदान गोलात तरी राहतील."

तिच्यापाशी एवढी अक्कल होती. मी पेन मागितलं, चारही वाक्यं खोडली, सही केली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. महिना संपायला दोन दिवस असताना ताई बावन्न पायऱ्या चढली, तीनदा थांबून, कठड्याला धरून. मी मागे होतो, पण ती वळून डोळे वटारायची म्हणून पाच पायऱ्या अंतर ठेवून. मालकांच्या दाराची कडी वाजवली आणि ते बाहेर आल्यावर म्हणाली, "मी आले. खोल्या माझ्याच आहेत." त्यांनी तिला आत बोलावून पाणी दिलं. त्या दुसऱ्या कुटुंबाची सोय त्यांनी खालच्या मजल्यावर केली. आज ताई आपल्या त्याच दोन खोल्यांत राहते आणि माझ्याकडे येते ती पाहुणी म्हणून.

पण माझ्या मनात राहिलाय तो त्याच्या अलीकडचा गुरुवार.

हॉलमध्ये खेळ सुरू झाला होता. सोमवारपासून ताई खेळत होती, पण बाकीच्यांचे हात जुन्याच सवयीचे. तिच्याकडे चेंडू आला की असा अलगद यायचा, की सोडू म्हटलं तरी सुटू नये. मास्तरसुद्धा तसेच टाकत होते. ताईच्या कपाळावर आठी वाढत चालली होती. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले नव्हते, म्हणून त्यांच्या खुर्चीत त्या मुलीने मला बसवलं. मी बरोबर ताईच्या समोर.

चेंडू माझ्याकडे आला. मी ताईकडे बघितलं. तिने दोन्ही हात पुढे केले. मी टाकला. हळू नाही, तिरका नाही, सरळ. तो तिच्या बोटांना लागून बाजूला उडाला.

त्या मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी कुणाला जिन्यावरून ढकलून दिलंय.

"बाद," मी म्हटलं. आवाज जरा फाटलाच. "ताई, तू बाद."

ताईने वॉकर ओढला, हातांवर जोर दिला आणि उठली. एक पाऊल, वॉकर, दुसरं पाऊल. अर्ध्या फेरीपर्यंत सगळे नुसते बघत होते. मग मास्तरांनी तिचं नाव घेऊन हाक मारली, "शाब्बास!" शेजारच्या बाईंनी मारली. मग सगळा हॉल तिचं नाव घेऊन ओरडायला लागला. खिडकीपाशी ती थांबली, धाप लागली होती. ती मुलगी पुढे झाली. मी मान हलवून नको म्हटलं. ताई पुन्हा निघाली आणि फेरी पुरी करून आपल्या खुर्चीत टेकली. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले. नऊ वर्षांची ती कशी दिसत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

"चेंडू द्या इकडे," ती म्हणाली.

कुणीतरी दिला. तिने तो पोटाशी धरला, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि जन्मभर कागद दाबलेल्या त्या दोन हातांनी असा फेकला, की मला हात वर करायला वेळच मिळाला नाही. चेंडू नाकावर बसला. चष्मा उडून लांब जाऊन पडला.

समोर सगळं धूसर झालं. त्यातून ताईचा आवाज आला, आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा.

"बारक्या, बाद!"

मी उठलो आणि माझी फेरी मारायला लागलो.